हळदीचे घमेले

दिवाळीच्या अंकात अलीकडच्या पानावर अनारशांची कृती असावी, पलीकडच्या पानावर वर्षाचे राशिभविष्य असावे आणि मध्येच कोणी मांजराच्या देहधर्माचे पुराण लावावे, हे काही फारसे शोभत नाही. तेव्हा वाचकांनी हातातली चकली आधी संपवावी आणि मगच पुढे वाचावे. ज्यांच्या घरी नुकतेच मांजर आले आहे त्यांना मात्र ही सूचना लागू नाही. त्यांची भूक ह्या प्रश्नाने आधीच मेलेली असते. मांजराचे नाव काय ठेवावे, ते उंदीर धरील की नुसतेच झोपेल, अंथरुणात घ्यावे की नाही, ही सारी चर्चा पहिल्या संध्याकाळपुरती. दुसऱ्या दिवशी पहाटे घरातल्या कोणाचा तरी अनवाणी पाय ओल्यात पडतो आणि बाकीचे प्रश्न विसरले जातात.

आमच्याकडे तो पाय ह्यांचा होता.

हे बँकेतून निवृत्त झाल्यापासून हिंगोलीच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानाचे हिशेब पाहतात. आमचा जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला तर २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. हंगामात मोंढ्याच्या वाटेने नुसते जाऊन आले तरी पदराला पिवळा रंग आणि नाकाला शिंका चिकटून येतात. त्या आडतीच्या गोदामात हळदीच्या पोत्यांच्या थप्पीवर एका मांजरीने तीन पिल्ले घातली होती. दोन बोक्यांनी आपापली वाट धरली, आणि एक भाटी मागे राहिली. गेल्या वर्षी श्रावणात एका संध्याकाळी हे ती पिशवीत घालून घरी घेऊन आले. तिथला हमाल म्हणाला होता म्हणे, "घेऊन जावा सायेब. गोण्या नासवायलंय." हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. ते पुढे उपयोगी पडणार आहे.

मांजर मूळचे पांढरे. पण चारही पाय, पोट आणि एक गाल हळदीने पिवळे झालेले. माझ्या सासूबाईंनी तिला पाहिले आणि म्हणाल्या, "अगं बाई, ही तर हळद लावूनच आली!" तेव्हा नावाचा प्रश्न तिथेच मिटला. हळदी. वय चार-पाच महिन्यांचे असेल. डोळे असे की चोरीचा आळ घालायचीसुद्धा छाती होऊ नये.

आता घराविषयी सांगितले पाहिजे, कारण अर्धा दोष घराचा होता. चार वर्षांपूर्वीपर्यंत आम्ही वाड्यात राहत होतो. वाटण्या झाल्या, वाडा गेला आणि आम्ही एका नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आलो. घर उजेडाचे आहे, पाणी आहे, गॅलरी आहे. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गुळगुळीत फरशी आहे. नाही ती फक्त माती. तुळससुद्धा कुंडीत, आणि ती कुंडी खिडकीच्या गजांबाहेर. वाड्यात मांजरे किती आली आणि किती गेली ह्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. पण त्यांतले एकही मांजर आपला कार्यभाग कुठे उरकते हे मला बत्तीस वर्षांच्या संसारात कधी पाहावे लागले नव्हते. परसदार होते, बंबाच्या राखेचा ढीग होता, पडक्या भिंतीची माती होती. मांजर जाई आणि येई, एवढेच.

हळदीने पहिल्या पहाटे न्हाणीघराच्या दारातले पायपुसणे पसंत केले. दुसऱ्या दिवशी गव्हाच्या कोठीशी घडी घालून ठेवलेले रिकामे पोते. तिसऱ्या दिवशी पुन्हा पायपुसणे. ती काम झाल्यावर अगदी मनापासून ओरखडे काढून झाकायचा प्रयत्न करी. फरशीवर नखांचा तो खर्र खर्र आवाज आला की घरातले सगळे आपापल्या खोलीतून धावत सुटत.

एऱ्हवी मी ह्या गोष्टीचे एवढे मनावर घेतले नसते. पण आमच्या धाकट्या लेकीचे पहिलेच बाळंतपण होते, आणि घटस्थापनेच्या सुमाराला ती माहेरी यायची होती. शेजारणींना ही दोन्ही वर्तमाने एकाच आठवड्यात कळली. मग काय विचारता! "गरोदर बाईच्या घरात मांजर?" असे म्हणत प्रत्येकीने दारातून आत डोकावून पाहिले. ह्यांनी एकच वाक्य उच्चारले: "घटस्थापनेपर्यंत हिला वळण लागले तर ठीक, नाहीतर मी आणली तशी पिशवीतून कयाधूच्या पलीकडे सोडून येईन." कयाधू म्हणजे आमची नदी. ह्यांच्या तोंडून आले म्हणजे ते होणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सहा आठवडे हातात होते.

पहिला उपाय ह्यांचाच. घरातली सारी पायपुसणी, पोती, गोणपाटाचे तुकडे गोळा करून त्यांनी माळ्यावर टाकले. "जागाच नाही तर करील कुठे?" हा त्यांचा बँकेतला तर्क. खातेच बंद केले की व्यवहार बंद.

दुसरा उपाय पुण्याच्या वन्संचा. त्यांच्याकडे दोन मांजरे आहेत आणि दोन्ही म्हणे इतकी शहाणी की पाहुण्यांना कळतसुद्धा नाही. त्यांनी पार्सलने मांजरासाठी पाच किलो माती पाठवली. माती! मराठवाड्यात, काळ्याभोर जमिनीच्या देशात, टपालाने माती. सासूबाई तो पुडा हातात घेऊन कितीतरी वेळ पाहत बसल्या.

पण ह्या मातीची कथा मोठी गमतीची आहे, आणि ती मी तेव्हाच वाचून काढली. १९४७ सालच्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एका बाईची वाळू गारठून दगड झाली. मांजरासाठी चुलीतली राख वापरावी तर घरभर काळी पावले. तिने शेजारच्या एडवर्ड लोव नावाच्या तरुणाकडे वाळू मागितली. तो कारखान्यांतले सांडलेले तेल टिपण्यासाठी भाजलेल्या मातीचे दाणे विकत असे. त्याने तेच दिले. ती माती म्हणजे आपल्या बायका तोंडाला फासतात त्या मुलतानी मातीचीच जातभाई. बाई खूश, मांजर त्याहून खूश. लोवने मग पाच-पाच पौंडांच्या पिशव्या भरल्या, पासष्ट सेंट किंमत ठेवली, आणि त्यातून एक प्रचंड धंदा उभा राहिला. त्या साली आमच्या हिंगोलीवर अजून निजामाचे राज्य होते आणि आमच्या वाड्यातली मांजरे फुकटच्या परसदारात निर्धास्त जात होती.

वन्संनी पाठवलेल्या पुड्यावर बेंटोनाइट असे लिहिले होते. ही माती कच्छात आणि राजस्थानात निघते. थेंब पडला की फुगते आणि त्याचा गोळा होतो, तेवढा गोळा उचलून टाकायचा. तिच्यातले मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट. आणि आमच्या शिवारातली काळी जमीन पावसात फुगते आणि चैत्र-वैशाखात हातभर भेगाळते, ती त्याच कुळातल्या खनिजापायी. म्हणजे टपालाने आलेले हे पाहुणे आमच्या दारातल्या मातीचेच नातलग होते. फरक इतकाच की ह्यांना कारखान्यात अत्तर लावले होते.

त्या अत्तराने घात केला. हळदीने घमेल्यात ठेवलेली ती सुगंधी माती दुरून हुंगली, दोनदा शिंकली आणि निघून गेली. मग ह्यांना वाटले, घमेले नीट स्वच्छ नसेल. मांजर स्वच्छताप्रिय असते हे त्यांनीही कुठेतरी वाचले होते. त्यांनी ते फिनेलने घासून धुतले. फरशीवर तर रोजच दोनदा फिनेल फिरत होते. घराला इस्पितळाची कळा आली आणि हळदी घमेल्याच्या वाटेलाही जाईना.

ह्या सुमाराला मी तिला जनावरांच्या दवाखान्यात नेले. बाहेर एक बैल, दोन शेळ्या आणि पाय सुजलेली म्हैस. त्यांच्यामागे मी, पिशवीत मांजर घेऊन. म्हशीच्या मालकाने विचारले, "बाई, हे दूध देतंय का?" डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी पोट चाचपले, ताप पाहिला, लघवी तपासून घेतली. म्हणाले, मांजर भलत्या जागी करू लागले की आधी दुखणे आहे का ते पाहायचे, स्वभावाचे नंतर. मूत्राशयाला सूज असली किंवा खडे असले की करताना दुखते, आणि मांजर तो दोष घमेल्याला देते. बोका असेल आणि नुसताच कुंथत बसत असेल, थेंबही येत नसेल, तर सकाळची वाटसुद्धा पाहायची नाही. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जातो. हळदी ठणठणीत होती. फिनेलचे नाव काढताच मात्र त्यांनी कपाळाला हात लावला. फिनॉलच्या जातीचे पदार्थ मांजराच्या यकृताला नीट पचवून बाहेर टाकता येत नाहीत. ओल्या फरशीवरून चालायचे आणि मग पाय चाटायचे, एवढ्यानेही त्याला बाधा होऊ शकते. फिनेलची बाटली त्याच संध्याकाळी खालच्या रखवालदाराला देऊन टाकली.

आणि दोनच दिवसांनी ती गोष्ट घडली. बाळंतविड्यासाठी मी दुपटी शिवत होते. माझी दोन नऊवारी आणि सासूबाईंचे एक, धुवून धुवून सायीसारखी मऊ झालेली लुगडी. सात दुपटी शिवून झाली होती. हळदीने त्या गठ्ठ्याच्या बरोबर मधोमध बसून आपले काम उरकले आणि वरचे दुपटे ओढून व्यवस्थित झाकलेसुद्धा.

हे काही बोलले नाहीत. माळ्यावर चढले आणि पिशवी काढून दाराशी ठेवली. दुसऱ्या दिवशी रविवार होता.

त्या रात्री मला झोप नव्हती. ह्यांनाही नसावी, कारण मध्यरात्री हे अंधारातच म्हणाले, "औंढ्याजवळ दुधाळ्याच्या शिवारात ती वेधशाळा व्हायची आहे ना? चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. आकाशातल्या लाटा मोजणार. अणूच्या पोटातल्या कणाहूनही बारीक हालचाल कळणार म्हणे तिला. आणि आपल्याला वीतभर मांजराच्या मनातले कळू नये!" मी उठून बसले. पिशवी दाराशी ठेवणारा माणूस असे बोलत नाही.

सकाळी सासूबाई जपमाळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "त्याला मातीच सापडंना, ते काय करील? वाड्यात होतो तवर दिसलं का तुला कधी मांजर कुठं जातंय ते?" सासूबाई ब्याऐंशीच्या, सोवळ्याच्या. दुपट्यांचे कळल्यावर सर्वांत आधी त्याच मांजर घालवा म्हणतील, अशी ह्यांची अटकळ होती. ती खोटी ठरली.

त्यांचे म्हणणे शास्त्रालाही धरून आहे. घरातल्या मांजराचा मूळ पुरुष म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या मुलखातले रानमांजर. माणसाची आणि त्याची सोबत फार जुनी. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेले साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे मांजर सापडले आहे. इतकी वर्षे झाली, तरी भुसभुशीत जागा उकरायची आणि झाकायचे, हा त्याचा संस्कार सुटलेला नाही. तेव्हा दूधवाल्याच्या पोराकडून मी शेतातली पाटीभर काळी माती मागवली. हळदीला ती कमालीची आवडली. पाऊस होता, माती ओलसर होती. तिने मनसोक्त उकरली आणि मग चिखलाच्या चार पायांनी स्वयंपाकघरातून देवघरापर्यंत जाऊन आली. फरशीवर लक्ष्मीची पावले काढावीत तशी ओळीने पावले. काळी. सासूबाईंनी ती पाहिली आणि माती परत करायला सांगितली.

पण मातीच हवी म्हणावे, तर पायपुसणे आणि पोते का? मी कागदावर जागांची यादी केली. पायपुसणे गोणपाटाचे. कोठीजवळचे पोते, तेही गोणपाटाचे. दुपट्यांची पाळी आली ती गोणपाट सारे माळ्यावर गेल्यानंतर. आणि मग हमालाचे ते वाक्य आठवले. गोण्या नासवायलंय! ती बापडी जन्मली पोत्यावर, डोळे उघडले पोत्यावर. मांजराचे पिल्लू तीन-चार आठवड्यांचे असताना ज्या स्पर्शावर हा विधी शिकते, तोच त्याला पुढे योग्य वाटतो. आपल्या लेखी ती घाण करत होती. तिच्या लेखी ती गोदामातल्या शिस्तीप्रमाणे बरोबर जागी जात होती, आणि आम्ही ती जागाच माळ्यावर टाकली होती.

ह्यांना मी हे समजावून सांगितले. मोंढ्यातून हळदीचे जुने पोते आणायला ते स्वतः निघाले, आणि जाताना दारातली पिशवी घडी करून खिशात घालून गेले.

मग घमेले गरम पाण्याने धुतले, साबणसुद्धा साधा. शेजारच्या बांधकामावरची वाळू मागून आणली, बारीक चाळणीने चाळली (ही चाळण पिठाची नव्हे, हे सासूबाईंच्या समाधानासाठी इथे नमूद करते), उन्हात वाळवली आणि चार बोटांचा थर घातला. भरड वाळू पायाला टोचते, बारीकच हवी. वर त्या पोत्याचा घमेल्याएवढा तुकडा. हळदीला चार दिवस मागल्या गॅलरीत ठेवले, एका टोकाला अंथरूण आणि खाणे, दुसऱ्या टोकाला घमेले. जिथे जेवायचे तिथे मांजर हे करीत नाही. धुण्याचे यंत्रही गॅलरीतच होते. त्याच्या घरघरीला ती घाबरे, म्हणून चार दिवस ते बंद ठेवून आम्ही हाताने कपडे धुतले. पहिल्याच संध्याकाळी हळदी पोत्यावर चढली, हुंगले, गोल फिरली आणि बसली. आम्ही तिघे दाराच्या फटीतून पाहत होतो. सत्तरीकडे झुकलेला माणूस एवढ्यासाठी टाळी वाजवील असे मला वाटले नव्हते.

पुढचे काम सावकाशीचे. पोत्याचा तुकडा दर दोन-तीन दिवसांनी दोन बोटे कापून लहान करायचा. कडेला वाळू दिसू लागली. ती नखाने चाचपू लागली. मग वाळूवरच बसू लागली. मध्ये एकदा ह्यांनी उत्साहाने अर्धा तुकडा एकदम कापला, तेव्हा ती परत पायपुसण्याकडे गेली. पुन्हा मोठा तुकडा घालावा लागला. रागावणे, नाक त्यात घासणे वगैरे जुने उपाय शेजारणींनी सुचवले होते. त्याने मांजर एवढेच शिकते की ह्या माणसांच्या देखत जायचे नाही. मग ते पलंगाखाली जाते. आधी भिजलेल्या जागा मात्र नीट धुवाव्या लागतात, कारण आपल्याला वास आला नाही तरी तिला येतो आणि ती त्याच जागी परतते. एंझाइमची कपडे धुण्याची पावडर कोमट पाण्यात घालून ती आम्ही मुरवली, मग ऊन दाखवले. सातही दुपटी त्यातून वाचली.

एका मांजराला घमेली दोन हवीत, हे ऐकून हे म्हणाले, "वाड्यात आपण नऊ माणसे होतो आणि संडास एक!" पण दुसरे घमेले आणले. एकात ती लघवी करते आणि दुसऱ्यात दुसरे, हे पाहून त्यांना तिच्याविषयी आदर वाटू लागला.

राहिली लेक. तिच्या डॉक्टरीणबाईंना मी सरळ विचारले. त्या म्हणाल्या, मांजर घालवायची गरज नाही. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक सूक्ष्म परजीवी काही मांजरांच्या विष्ठेतून पडतो आणि तो गर्भाला घातक ठरू शकतो, हे खरे. पण विष्ठा पडल्यावर लागण करण्याजोगा व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. रोजच्या रोज काढून टाकले आणि गरोदर बाईने त्या घमेल्याला हात लावला नाही, की झाले. त्यापेक्षा न धुतलेली भाजी, अर्धेकच्चे मांस आणि बागेतली माती ह्यांना अधिक जपावे. रोजच्या रोज म्हटल्यावर प्रश्न आला, कोणी? मी लेकीच्या खाण्यापिण्यात, सासूबाई सोवळ्यात. उरले हे. ज्यांनी जन्मात स्वतःचा चहाचा कप विसळला नाही, ते सकाळी सहाला हातात खुरपणी आणि कागदाची पुडी घेऊन गॅलरीत जाऊ लागले. ते आजही जातात, आणि "आज दोनदा", "आज एकदाच" असे निवेदन चहाबरोबर आम्हांला ऐकावे लागते. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सहा महिन्यांची झाल्यावर हळदीचे ऑपरेशनही करून घेतले.

लेक घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आली. कार्तिकात नात झाली आणि तीन महिन्यांनी आपल्या घरी गेली. दुपटी तिच्याबरोबर गेली. इकडे पोत्याचा तुकडा कमी होत होत तळहाताएवढा उरला आहे. त्याखाली तो गेलेला नाही. हे त्याला हात लावू देत नाहीत.

येत्या दिवाळीला नात येते आहे. आता ती धरून धरून चालते आणि सापडेल ते तोंडात घालते, तेव्हा घमेली गॅलरीतून न्हाणीघरामागच्या अडगळीच्या खोलीत न्यायला हवीत. एकदम नेली तर हळदीला पटणार नाही. म्हणून भाद्रपदापासून हे ती रोज चार बोटे सरकवतात आणि फरशीवर खडूने तारीख लिहितात. काल ती उंबऱ्यापाशी पोचली. उंबरा कसा ओलांडावा ह्याबद्दल घरात दोन मते आहेत.